धंद्याची पण ॲडमिशन असते

बारावीचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी बहिणीचा फोन. भाच्याला कॉमर्सला ६१ टक्के. "तू ये बाबा एकदा विट्याला, इथं रोज भांडणं चाललीत." भांडण काय, तर आमचे दाजी म्हणतात बीकॉमला टाकायचा, आणि त्यांचा धाकटा भाऊ, जो गेली अठरा वर्षं तमिळनाडूत गलाईचं दुकान चालवतोय, तो म्हणतो बीकॉम करून आजवर कुणाचं भलं झालंय, पाठवा माझ्याकडं, पाच वर्षांत पायावर उभा करून दाखवतो. पोरगं मधल्यामधे मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेलं. आणि घरात इंजिनिअर एकच, म्हणून न्यायनिवाडा करायला मी.

गलाई ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा आमचा सांगली जिल्ह्यातला सगळा दुष्काळी पट्टा, इथली माणसं गेल्या कित्येक वर्षांत देशभर पांगलीत आणि जिथं सराफ कट्टा तिथं आमचा एक तरी माणूस सापडतोच. बोळातल्या जिन्यावरून वर गेलं की एक दहा बाय बाराची खोली, तिथं भट्टी, सोनं वितळवायच्या मुशी आणि तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, तो घशाला लागणारा वास. सोनाराकडून जुनं सोनं येतं, ते गाळायचं, शुद्ध करायचं, टंच, म्हणजे शुद्धता किती ते, काढून परत द्यायचं. सोनाराच्या दुकानातली झाडलेली मातीसुद्धा ही माणसं विकत घेतात आणि त्यातनं सोनं काढतात. नवीन पोरगा गेला की पहिली दोन वर्षं भांडी घासणं, सगळ्यांचा स्वयंपाक, भट्टीपुढं बसणं, रात्री तिथंच खाली अंथरूण. मग हळूहळू हातात माल येतो, मग हिशोब येतो, आणि सगळं जमून आलं तर एखाद्या गावात स्वतःचं दुकान. विट्याकडं येताना रस्त्याला जे बंगले दिसतात त्यातले बरेचसे ह्याच खोल्यांमधनं उभे राहिलेत.

आता खरं सांगायचं तर गाडीत बसून विट्याला जाताना माझं मत भाच्याच्या चुलत्याच्या बाजूनं होतं. कारण मी स्वतः काय शिकलो ते मला माहितीय ना. मेकॅनिकल केलं, चार वर्षं, एज्युकेशन लोन काढून. १९८३ ला वसंतदादांच्या काळात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, त्याआधी आमच्यासारख्या पोरांना इंजिनिअरिंग म्हणजे चंद्रावर जाण्यासारखं होतं, त्यामुळे त्या निर्णयाला शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. पण नंतर जे झालं ते काय झालं, उसाला कारखाना तसं पोरांना कॉलेज. आमच्या कॉलेजात वर्कशॉपला लोखंड कातायच्या लेथ होत्या चार, त्यातली एक चालू, आणि तिच्यापुढं वीस पोरं. फायनल इयरला आम्ही जर्नल लिहायचो म्हणजे मागच्या बॅचचं जर्नल उघडून उतरवायचो, एका एक्सपेरिमेंटचं रीडिंग तर असं होतं की ते मागची पाच-सहा वर्षं कुणी घेतलंच नव्हतं, सगळ्यांचं उत्तर दशांशापर्यंत सारखं. मास्तर सही करायचे. त्यांनाही माहीत होतं.

आता मी चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. दरवर्षी जून-जुलैत ट्रेनी पोरं येतात, बीई पण येतात, आयटीआय पण. मी काही अवघड विचारत नाही. टर्निंग केलेली एक पिन देतो, व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, देतो, म्हणतो डाया, म्हणजे व्यास, सांग. परवाच्या बॅचला एक बीईचा पोरगा होता, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन, त्यानं आधी मला लीस्ट काउंटचा, म्हणजे त्या पट्टीवर मोजता येणाऱ्या सगळ्यात बारीक मापाचा, फॉर्म्युला म्हणून दाखवला, अगदी पाठ, आणि मग व्हर्नियर हातात घेऊन मेन स्केल वाचलं आणि म्हणाला २४. पुढचं? पुढचं त्याला बघायचं असतं हेच माहीत नव्हतं. त्याच्यानंतर आयटीआयचा टर्नर, लातूरकडचा, शर्टाच्या बाहीनं आधी पिन पुसली, मग दोन ठिकाणी मापली, एकदा फिरवून मापली आणि म्हणाला, "२४.८६ येतंय सर, पण हे व्हर्नियरनं नको, मायक्रोमीटर द्या, फिटिंगची जागा दिसतीय." मी मनातल्या मनात त्याला तिथंच घेतला.

म्हणजे डिग्री फुकट. झालं सिद्ध. लेख संपला असता इथंच.

पण ह्याच कंपनीतली दुसरी गोष्ट. आमच्याकडे व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, एक सेटर आहे, आयटीआय, अकरा वर्षं झाली त्याला. आमच्या प्लांटमध्ये त्याच्याइतका मशीनचा आवाज ओळखणारा माणूस नाही, इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापायचं पातं, गेला की तो चहा पिताना लांबून सांगतो. दरवर्षी बीईची पोरं त्याच्या हाताखाली शिकतात आणि दोन-तीन वर्षांत त्याच्या डोक्यावर सुपरवायझर म्हणून बसतात. कारण एचआरच्या सिस्टीममध्ये त्या पोस्टला 'ग्रॅज्युएट' असा रकाना आहे, आणि रकान्याला आवाज ऐकू येत नाही. शेवटी ह्या माणसानं काय केलं, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीए केलं. इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन! रविवारी अभ्यासकेंद्रावर जायचा, सेकंड शिफ्ट करून परीक्षा दिल्या, पास झाला, आणि मग सुपरवायझर झाला. मशीनचं ज्ञान तेच, एक मिलिमीटर पण वाढलं नाही, वाढलं ते पानिपत आणि राज्यघटना. आम्ही पेढे खाल्ले त्याचे. हसलो पण आणि वाईट पण वाटलं.

तर कागदाला किंमत आहे. ती शिक्षणाची नाही, ती गेटपासची आहे. आणि गेटपास फालतू गोष्ट आहे असं फक्त आत बसलेला माणूसच म्हणू शकतो.

ह्या गेटपासची किंमत किती, ते आपल्या सरकारनं २०२४ मध्ये आकड्यातच सांगून टाकलंय. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आठवत असेल, तीच ती 'लाडका भाऊ' म्हणून गाजलेली. त्यात महिन्याचं विद्यावेतन बारावीवाल्याला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,०००. म्हणजे बारावीनंतर तीन वर्षं कॉलेज, फी, रूमचं भाडं, मेस, प्रोजेक्टच्या स्पायरल बायंडिंगचे पैसे सगळं करून सरकारी भाव चार हजारानं वाढला. आणि आयटीआयपेक्षा दोन हजारानं. मी हे दाजींना सांगितलं तर ते म्हणाले, "वाढला ना पण?" ह्यावर काय बोलणार.

कॉलेज नको म्हणणाऱ्यांचा एक आवडता आकडा असतो, शिकलेल्यांमध्येच बेकारी जास्त. खरंच आहे ते, केंद्राच्या २०२२-२३ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात एकूण बेरोजगारी ३.२ टक्के आणि पदवीधरांमध्ये १३ टक्क्यांच्या आसपास. पण त्याचा अर्थ डिग्री घेतली की माणूस बेकार होतो असा नाही हो. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल दिवसाच्या मजुरीवर पेटते त्याला बेकार बसायची सोयच नसते, तो मिळेल त्या कामाला जातो आणि सर्वेक्षणात 'कामावर' म्हणून लागतो, मग ते काम वर्षातले नव्वद दिवस उसतोडीचं का असेना. बेकार राहणं हे सुद्धा थोडं परवडावं लागतं.

आणि खरी वर्षं कुठं जातात ते पुण्यात सदाशिव पेठेत जाऊन बघा. कॉलेजच्या तीन वर्षांत पोरगं वाया जात नाही, ते जातं त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत खुर्ची लावलेली, टेबलावर कुशन, पाण्याची बाटली, आणि पुढं भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक. घरी सांगायचं की भरतीची ॲड निघालीय, मग ॲड निघते, मग कोर्टात जाते, मग परीक्षा पुढं ढकलली जाते. २०२४ च्या पोलीस भरतीला साडेसतरा हजाराच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखाच्या वर, म्हणजे एका जागेमागं शंभर पोरं, आणि पात्रता बारावी. त्या शंभरात इंजिनिअर पण पळत होते ग्राउंडवर. ही पोरं आळशी नाहीत, त्यांच्याइतकी मेहनत मी आयुष्यात केली नाही. पण नव्व्याण्णव जण परत जाणार हे गणितानं आधीच ठरलंय, आणि परत जाताना त्यांचं वय असतं तीस, हाताला कुठलंच काम शिकलेलं नसतं, आणि डिग्रीवरची शाई सुकून इतकी वर्षं झालेली असतात की कंपनीवाला विचारतो मधली सहा वर्षं काय केलं. अभ्यास केला म्हटलं की तो फाईल बंद करतो.

आता धंद्याकडं येतो. हल्ली जो उठतो तो म्हणतो धंदा करा, नोकरीत काय ठेवलंय, अमका वडापाववाला महिन्याला लाख काढतो. व्हिडिओत दाखवतात ती गाडी, गर्दी, नोटांचा गल्ला. पहाटे चारला उठून बटाटे उकडणं दाखवत नाहीत, उरलेले पाव दाखवत नाहीत, अतिक्रमणवाले गाडी उचलून नेतात आणि ती सोडवायला किती वाऱ्या होतात ते तर नाहीच. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर दोन वर्षांत एकाच गाळ्यात तीन धंदे बदलले, आधी अमृततुल्य, मग मोमोज, मग मोबाईल कव्हर. बंद पडलेल्याचा व्हिडिओ कोण काढणार? आणि तो बिल गेट्स, त्यानं कॉलेज सोडलं म्हणून सांगतात, पण हार्वर्ड सोडायला आधी हार्वर्डला ॲडमिशन मिळावी लागते एवढं तरी बघा.

पण माझा खरा मुद्दा तो पण नाही. माझा मुद्दा विट्यालाच मला सुचला, आणि तो सुचवला आमच्या भाच्याच्या मित्रानं. हा मित्र त्याच्याच वर्गातला, टक्के ह्याच्यापेक्षा जास्त, बाप दुसऱ्याच्या शेतात कामाला. तो सहज बोलून गेला, "मामा, ह्याचं काय, ह्याला चुलता हाय. मला कोण नेतंय गलाईला?"

बरोबर आहे. कोण नेणार? गलाईत हातात दुसऱ्याचं सोनं असतं. एका लगडीत लाखांचा माल. त्यामुळे पोरगा घेताना शेठ मार्कशीट बघत नाही, तो बघतो कुणाचा कोण, कुठल्या घरातला, उद्या काही झालं तर कुणाच्या दारात जाऊन बसायचं. भाऊ, पुतण्या, मेव्हण्याचा मेव्हणा, भावकी, पावणेरावळे. ह्यात कुणाला वाईट म्हणायचं नाहीये मला, विश्वासाचा धंदा असाच चालतो. पण मग हे स्पष्ट बोला की धंद्याला पण ॲडमिशन असते, तिला पण कटऑफ असतो, फक्त त्याची यादी नोटीस बोर्डावर लागत नाही. आणि ज्याचं नाव त्या यादीत नाही त्याला कारण पण कळत नाही, अपील पण करता येत नाही.

बँकेचं पण तेच. पीएमईजीपी, म्हणजे छोटा उद्योग काढायला कर्ज आणि अनुदान देणारी केंद्राची योजना, तिचा नियम वाचा, कारखान्याला दहा लाखाच्या वरच्या प्रोजेक्टला शिक्षणाची अट काय तर आठवी पास. वाचून वाटतं की बघा, सरकार म्हणतंय डिग्री नको. मग फाईल घेऊन ब्रँचला जा. कागदावर तारण नको लिहिलेलं असतं, पण साहेब हळूच विचारतो, घर कुणाच्या नावावर, जमीन किती, वडील काय करतात, जामीनदार कोण. माझा एक दोस्त तीन महिने अशा चकरा मारून शेवटी नोकरीला लागला. त्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट उत्तम होता, सातबारा नव्हता.

कॉलेज कितीही भिकार असू दे, तिथं अर्ज असतो, मेरिट लिस्ट असते, आरक्षण असतं, फीची सवलत असते, आणि नाव आलं की आलं, कुणाचा कोण हे विचारत नाहीत. आपल्याकडं बिनओळखीच्या पोराला उघडणारं ते जवळपास एकच दार आहे. म्हणून ज्यांच्या मागं दुकान, जमीन, चुलता असं काहीतरी आहे त्यांनी बाकीच्यांना "डिग्रीत काही नाही" सांगत फिरणं मला पटत नाही. तुमच्यासाठी नसेल. बिनओळखीच्या पोराचं भांडवलच ते आहे.

मुलींचं तर वेगळंच. भाची असती तर ही बैठक झालीच नसती, तिला गलाईला पाठवा असं कुणी म्हणालं असतं का? तिच्यापुढं पर्याय कॉलेज की धंदा असा नसतोच, कॉलेज की लग्न असा असतो. आमच्या गावातल्या कितीतरी पोरींचं लग्न तीन वर्षं लांबलं ते फक्त "शिकतीय अजून" ह्या दोन शब्दांवर. तिथं बीए मराठीचा उपयोग काय असं कुणी विचारलं तर मी त्याला हात जोडतो. ती रोज एसटीनं तालुक्याला जाते, बँकेचं खातं स्वतः चालवते, मैत्रिणी होतात, हाच उपयोग. २०२४ पासून राज्यात आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झालीय, हॉस्टेल-मेसचा प्रश्न आहेच, पण सरकारनं केलेल्या बऱ्या कामांत मी हे धरतो.

आणि कॉलेजात कामाचं काही शिकवत नाहीत ही तक्रार काय आजची आहे का. महात्मा फुल्यांनी १८८२ ला हंटर कमिशनपुढं, म्हणजे इंग्रजांनी शिक्षणाची पाहणी करायला नेमलेल्या आयोगापुढं, निवेदन दिलं त्यात हेच आहे, की ह्या शाळांतलं शिक्षण रोजच्या जगण्याच्या उपयोगाचं नाही, त्यातून कारकून आणि मास्तर तेवढे तयार होतात. हे म्हणणारा माणूस स्वतः कंत्राटदारीचा धंदा केलेला होता, त्याला हिशोब कळत होता. पण त्यांनी शाळा बंद करा नाही म्हटलं. उलट रयतेच्या पैशावर वरच्यांचीच पोरं शिकतात, तो पैसा खालच्या पोरांच्या शाळेत घाला म्हणाले. तक्रार आणि मागणी एकाच कागदावर. आपण त्यातली फक्त तक्रार उचलली.

भाऊराव पाटलांचं बघा. पदवीधर नव्हते, किर्लोस्करांचे नांगर गावोगाव फिरून विकलेला माणूस. आणि ते किर्लोस्कर, लक्ष्मणराव, ते पण काही इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन आले नव्हते, मुंबईच्या जे. जे. कला शाळेत चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखता येईनात म्हणून यांत्रिक ड्रॉइंगकडं वळले, बेळगावात सायकलचं दुकान काढलं, आणि १९१० ला माळरानावर कारखाना. हे उदाहरण देऊन लोक म्हणतात बघा डिग्री लागत नाही. पण त्यांचाच नांगर विकणाऱ्या भाऊरावांनी गावं फिरून काय निष्कर्ष काढला? १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९४७ ला साताऱ्यात 'कमवा आणि शिका'वर कॉलेज चालू केलं. पोरं काम करायची आणि शिकायची, दोन्ही. कमवा की शिका असं नाव नव्हतं त्याचं.

आता त्याच नावाची योजना बऱ्याच ठिकाणी आहे, पण कामं काय, तर बागेत पाणी घाल, लायब्ररीत पुस्तकं लाव, ऑफिसात फायली लाव. गरीब पोराला चार पैसे मिळतात ते बरंच आहे, पण त्यातून तो शिकतो काय? नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी आणलंय, ऑन जॉब ट्रेनिंग, त्याला क्रेडिट पण आहेत, कल्पना चांगली. होतं काय, पोरगा ओळखीच्या दुकानात जातो, शिक्का मारून घेतो, चहा पितो आणि घरी. गेल्या वर्षी आमच्याच नात्यातल्या एकाला मी म्हटलं ये चाकणला, खरंच दोन महिने कर, राहायची सोय करतो. तर म्हणतो, "सर्टिफिकेट द्या ना काका, येऊन काय करू." मी दिलं नाही. आता त्याची आई माझ्याशी बोलत नाही.

तर विट्याला मी काय सांगितलं. आधी भाच्याला विचारलं तुला काय पाहिजे, तर म्हणाला माहीत नाही, आणि मला वाटलं सतरा वर्षांच्या पोराचं हेच खरं उत्तर आहे. मग चुलत्याला स्पीकरवर घेतलं. म्हटलं, पाच वर्षांनी हॉलमार्किंग, टंच काढायची मशीन, जीएसटी सगळं बदललेलं असेल, तुमच्या दुकानाचे हिशोब आत्ता कोण बघतंय? म्हणाले, बाहेरचा सीए, आणि तो लुटतोय. मग म्हटलं, ह्याला बीकॉम करू दे इथंच, सकाळचं कॉलेज आहे, साडेअकराला सुटतं. दुपारी विट्यातच तुमच्या ओळखीच्या सराफाकडं बसवा, झाडू मारण्यापासून. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्याकडं भट्टीपुढं. तीन वर्षांनी त्याला जमलं तर तुमचा माणूस, नाही जमलं तर त्याच्या हातात कागद आहे आणि बँकेची परीक्षा देता येते. फक्त एक, डिग्रीनंतर अभ्यासिकेत दोन वर्षांच्या वर नाही, हे आत्ताच कबूल करायचं. पोरानं मान डोलावली. दाजींनी नाही.

चुलता जरा गप्प बसला आणि म्हणाला, "बरं. पण सराफाकडं बसवायचं तर मी फोन करतो, तसा नाही घेणार तो."

मग मी त्या मित्राचं नाव काढलं. म्हटलं एकाच फोनमध्ये दोघांचं सांगा ना, पोरगं हुशार आहे, टक्के ह्याच्यापेक्षा जास्त आहेत. पलीकडून बराच वेळ भट्टीच्या ब्लोअरचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "बघतो. कुणाचा हाय म्हणालात?"